प्रवेशाची शक्यता आणि गुणवत्ता-शिष्यवृत्ती : एक अर्थविचार

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करू इच्छिणारे विद्यार्थी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांचे पालक, दरवर्षी पावसाळा सरत आला की ओळखीच्या अध्यापकांना एक प्रश्न विचारू लागतात : "ह्याला तिथे चान्स किती?" आणि त्याच श्वासात दुसरा : "स्कॉलरशिप मिळेल का?" अध्यापक गुणपत्रिका पाहतो, शेकडेवारी पाहतो आणि 'बरा आहे' किंवा 'कठीण दिसते' असे काहीसे उत्तर देतो. हे उत्तर कोणत्या आधारावर दिले गेले व त्याचा नेमका अर्थ काय, ह्याचा विचार फारसा होत नाही. वास्तविक त्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून असते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या खाजगी संस्थेत एका वर्षाचा एकूण खर्च आज ९० हजार डॉलरांच्या वर जातो. चार वर्षांचा हिशेब मांडला तर मध्यमवर्गीय कुटुंबाचे राहते घर त्यात जाऊ शकते. आणि उत्तर नकारार्थी आले तर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तो नकार म्हणजे आपल्या योग्यतेवरील निर्णय समजून बसते, हे त्याहून वाईट.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात कशासाठी पडावे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला दोन उत्तरे आहेत. एक, ह्या पत्रिकेचे बहुतेक वाचक अध्यापक आहेत किंवा लवकरच होणार आहेत. शिफारसपत्रे लिहिण्याचे काम त्यांना चुकलेले नाही. दुसरे असे की ह्या प्रश्नात जो गोंधळ आहे त्याचा बराच भाग शब्दार्थाचा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य हे की, प्रवेशाची अथवा शिष्यवृत्तीची शक्यता हा अर्जदाराच्या ठायी असलेला गुण नव्हे; तो अर्जदार आणि विशिष्ट संस्था ह्यांच्यामधील एक संबंध आहे, आणि संबंधाचे दुसरे टोक न पाहता पहिल्याच टोकाचे कितीही बारकाईने निरीक्षण केले तरी शक्यतेचा अंदाज येत नाही.

प्रथम शब्दांकडे वळू. इंग्रजीतील 'चान्स' हा शब्द लॅटिन भाषेतील 'पडणे' ह्या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे आलेला आहे. आपल्याकडेही सोंगट्यांच्या खेळात दान 'पडते'. परंतु इंग्रजीत त्या एकाच शब्दाने जे दोन अर्थ व्यक्त होतात त्यांसाठी मराठीत दोन निराळे शब्द आहेत. संधी 'मिळते', शक्यता 'असते'. संधी म्हटले की ती देणारा कोणी तरी गृहीत धरलेला असतो, आणि व्याकरणातील संधीप्रमाणे ह्याही संधीस दोन घटक लागतात. 'चान्स किती' असे विचारताना आपण हे दोन्ही अर्थ एकात कालवतो. त्याहून अधिक घोटाळा 'गुण' शब्दाने होतो. मूळचा दोरीचा पदर हा अर्थ सोडून दिला तरी मराठीत माणसाचे चांगलेपण ते गुण, आणि परीक्षेतील प्राप्तांक तेही गुण. त्यामुळे 'गुणवत्ता-यादी' हा शब्द उच्चारताच प्राप्तांकांचा क्रम हाच योग्यतेचा क्रम, असे समीकरण आपल्या नकळत मनात तयार होते. इंग्रजीतील 'मेरिट' शब्दाच्या मुळाशी 'कमावणे, पात्र ठरणे' हा अर्थ आहे, मोजणे हा नाही. मात्र आपल्याच भाषेत 'गुण'चा आणखी एक प्रयोग आहे आणि तो ह्या विषयाला विलक्षण लागू पडतो : औषधाचा गुण 'येतो'. तेच औषध एकाला गुण देते व दुसऱ्याला देत नाही. येथे गुण औषधात नाही आणि रोग्यातही नाही. दोघांच्या योगात आहे.

आता दोन आकड्यांची तुलना करू. २०२४ साली जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड परीक्षेस सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले व आय्.आय्.टी. संस्थांतील एकूण जागा १७,७४० होत्या. प्रमाण शेकडा दहाच्या किंचित खाली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे २०२३ साली सुमारे ८० हजार अर्ज आले आणि ज्यांना प्रवेश देऊ करण्यात आला त्यांचे प्रमाणही शेकडा दहाच्याच आसपास होते. आकडा एक, पण त्यातून निघणारे विधान एक नाही. भारतातील परीक्षेत क्रमांक लागेपर्यंत अनिश्चितता असते. क्रमांक लागला की ती जवळजवळ संपते. २०१५ पासून संयुक्त जागावाटपाची जी पद्धत सुरू आहे तीत प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक शाखेसाठी, प्रवर्गनिहाय, कोणत्या क्रमांकावर दार बंद झाले हे प्रत्येक फेरीनंतर प्रसिद्ध होते. गेल्या दोन-तीन वर्षांचे बंद-क्रमांक समोर ठेवले म्हणजे अमुक क्रमांकाच्या विद्यार्थ्यास अमुक शाखा मिळेल की नाही हे कोणताही जाणता पालक सांगू शकतो. शेकडा दहा हे प्रमाण तेथे समूहाचे असते. व्यक्तीपुरते पाहिले तर शक्यता शून्याच्या तरी जवळ असते नाही तर एकाच्या. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्यांतून गेलेल्या पालकांची समजूत ह्याच पद्धतीने घडलेली आहे. त्याच्याही मागे जुनी परंपरा आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिला येणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तेथे पहिला कोण एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर गुणांच्या बेरजेत होते. शिष्यवृत्ती आणि क्रमांक ह्यांची सांगड आपल्या मनात अशी घट्ट बसलेली आहे.

जाता जाता छेदाविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ॲडव्हान्स्ड परीक्षेस बसणारे आधीच्या मेन परीक्षेतून गाळून आलेले असतात. २०२४ साली मेन परीक्षा देणारे सुमारे १४ लाख होते. त्यांना छेदस्थानी घेतले तर तेच प्रमाण शेकडा सव्वावर उतरते. म्हणजे 'प्रवेशाचे प्रमाण' हा आकडासुद्धा कोणाला अर्जदार म्हणायचे ह्या व्याख्येवर अवलंबून आहे. एखाद्या अमेरिकन संस्थेने जोरदार प्रचार करून अधिक अर्ज ओढले तर तिचे प्रमाण घसरते आणि ती अधिक 'कठीण' भासू लागते. अर्ज करणाऱ्या विशिष्ट विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यात काही बदललेलेच असते असे नाही.

अमेरिकेतील ज्या संस्थांना मी ह्या लेखात 'चोखंदळ' म्हणतो त्यांच्यात क्रमांक लावण्याची पायरीच नाही. तेथे आत काय घडते ह्याचे सर्वांत तपशीलवार दर्शन हार्व्हर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात झाले. २०१४ साली दाखल झालेल्या ह्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये बॉस्टन येथे झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत अवैध ठरवली. निकालाच्या राजकारणात येथे शिरत नाही. त्या निमित्ताने जी कागदपत्रे उजेडात आली ती आपल्या उपयोगाची आहेत. अभ्यास, अभ्यासेतर कार्य, क्रीडा, व्यक्तिमत्त्व आणि एकंदर, अशा सदरांत अर्जदारास १ ते ६ अशी श्रेणी दिली जाते, त्यात १ सर्वांत वरची. शिफारसपत्रांनाही श्रेणी असते. नंतर प्रादेशिक उपसमिती आणि सुमारे ४० जणांची पूर्ण समिती चर्चा करून मत घेते. आता मुख्य मुद्दा पाहा. २०१५ साली दाखल झालेल्या वर्गासाठी जे सुमारे २६ हजार देशी अर्जदार होते त्यांपैकी आठ हजारांहून अधिकांची शालेय श्रेणी पूर्ण होती आणि साडेतीन हजारांच्या आसपास अर्जदारांना एस्.ए.टी. परीक्षेच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते. प्रवेश देऊ केला गेला तो सर्व मिळून सुमारे दोन हजारांना. अर्थात पूर्ण गुण ही निवडीची कसोटी असूच शकत नव्हती. ती उंबरठ्यासारखी होती : ओलांडल्यावाचून आत जाता येत नाही, पण ओलांडणाऱ्यांची गर्दी अंगणात मावत नाही.

'समग्र परीक्षण' नावाची ही पद्धत उदात्त हेतूने जन्माला आली असे मात्र कोणी समजू नये. १९२२ साली हार्व्हर्डचे अध्यक्ष लोवेल ह्यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. उघड मर्यादेला विरोध झाला, तेव्हा १९२६ च्या सुमारास परीक्षेतील गुणांबरोबर 'चारित्र्य' पाहण्याची तरतूद पुढे आली आणि हेतू साधला गेला. शंभर वर्षांत त्या शब्दाचा आशय पुष्कळ बदलला, पण त्याची लवचीकता कायम राहिली. खटल्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांना 'व्यक्तिमत्त्व' ह्याच सदरात सरासरीने कमी श्रेणी मिळते हा वादाचा एक मुख्य विषय होता. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना हा इतिहास परका नाही.

मग अंदाज करायचा तो कसा? संख्याशास्त्रात ज्याला संदर्भवर्ग म्हणता येईल त्यापासून आरंभ करावा लागतो. 'माझी शक्यता शेकडा पाच' ह्या विधानात 'माझ्यासारख्या शंभरांपैकी पाच' हा अर्थ अध्याहृत आहे, आणि सारे काही 'माझ्यासारख्या' ह्या शब्दावर अवलंबून आहे. हार्व्हर्डच्या खटल्यातील सामग्रीवरून असे दिसते की निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची अपत्ये, देणगीदार वा अन्य कारणाने अधिष्ठात्यांच्या यादीत असलेले आणि कर्मचाऱ्यांची मुले, हे चारही गट मिळून देशी अर्जदारांत शेकडा पाचच्या आसपास होते, पण निवड झालेल्यांत ते जवळजवळ शेकडा तीस होते. ह्याचा परिणाम उदाहरणाने पाहू. समजा, १,००० अर्जदार आणि ६० निवडी. विशेष गटातील ५० जणांना १८ जागा गेल्या. उरलेल्या ९५० जणांसाठी ४२ राहिल्या. जाहीर प्रमाण शेकडा सहा. सामान्य अर्जदाराचे प्रमाण शेकडा साडेचारहून कमी. परदेशी अर्जदारांचा वर्ग आणखी निराळा. एम्.आय्.टी. ही संस्था देशी व परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे देते. अलीकडील वर्षांत एकंदर प्रमाण शेकडा चार ते पाचच्या दरम्यान असताना परदेशी अर्जदारांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास राहिले आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याने पाहायचा आकडा हा दुसरा होय.

ह्या कामासाठी उत्तम साधन म्हणजे 'कॉमन डेटा सेट' नावाचे वार्षिक विवरण. बहुतेक अमेरिकन विद्यापीठे ते एकाच नमुन्यात प्रसिद्ध करतात. त्याच्या 'सी' विभागात अर्ज व निवडी, प्रतीक्षायादीतून घेतलेले विद्यार्थी आणि दाखल झालेल्यांच्या परीक्षागुणांचा पंचविसावा व पंचाहत्तरावा शतमक मिळतो. तसेच श्रेणी, निबंध, शिफारसपत्रे, मुलाखत, माजी विद्यार्थ्याशी नाते इत्यादी बाबी ती संस्था 'फार महत्त्वाच्या', 'महत्त्वाच्या', 'विचारात घेतल्या जाणाऱ्या' की 'न घेतल्या जाणाऱ्या' मानते, हेही तिच्याच शब्दांत सांगितलेले असते. हे विवरण वाचतानाही सावध राहिले पाहिजे. २०२० च्या साथीनंतर अनेक संस्थांनी परीक्षागुण ऐच्छिक केले. तेव्हापासून ज्यांचे गुण उंच तेच ते पाठवू लागले आणि प्रसिद्ध होणारे शतमक वर सरकले. एम्.आय्.टी.ने २०२२ मध्ये व हार्व्हर्डने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा अनिवार्य केली. तेव्हा कोणत्या वर्षाचा शतमक आपण पाहतो आहोत हे आधी ठरवावे. तसेच बंधनकारक लवकर-अर्जाच्या फेरीतील प्रमाण नेहमीच्या फेरीपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसते, त्यावरून ती वाट तेवढी सोपी असा निष्कर्ष काढण्यात येतो. परंतु खेळाडू व माजी विद्यार्थ्यांची अपत्ये त्याच फेरीत गर्दी करतात, त्यामुळे फरकाचा काही भाग वाटेचा नसून वाटसरूंचा असतो.

'मग वीस ठिकाणी अर्ज करू, कुठे तरी लागेल', हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. प्रत्येक ठिकाणी शक्यता शेकडा पाच असेल आणि निर्णय परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर वीसांपैकी निदान एका ठिकाणी यश मिळण्याची शक्यता शेकडा ६४ येते, हे गणित बरोबर आहे. चूक 'स्वतंत्र' ह्या शब्दात आहे. वीसही समित्या तेच प्रगतिपुस्तक, तोच मुख्य निबंध आणि तीच दोन शिफारसपत्रे वाचतात. एका वाचकाला जे फिके वाटले ते दुसऱ्यालाही वाटण्याचा संभव मोठा. सोंगट्या वीस वेळा फेकल्यासारखे हे नसून एकच फेक वीस जणांनी पाहिल्यासारखे आहे, निदान अंशतः तरी. म्हणून खरी शक्यता त्या ६४ हून बरीच कमी धरावी, आणि यादीत अशाही संस्था ठेवाव्यात जेथे अर्जदाराचे गुण पंचाहत्तराव्या शतमकाच्या वर आहेत.

शिफारसपत्रांचा उल्लेख वर आला. तेवढा एक भाग असा आहे की तो पूर्णतः अध्यापकाच्या हातात आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्याविषयी काही सांगता येते. आपल्याकडील पत्रांत 'सिन्सिअर', 'हार्डवर्किंग', 'ओबीडिअंट' ही विशेषणे ठरलेली असतात, आणि शेवटी वर्तणूक चांगली व उपस्थिती नियमित असल्याचा निर्वाळा असतो. गुरुशिष्यसंबंधाच्या आपल्या कल्पनेत ही खरी स्तुती आहे. लिहिणाऱ्याच्या मनात किंतु नसतो. परंतु पॉल ग्राइस ह्या तत्त्वज्ञाने १९६७ च्या व्याख्यानांत मांडलेला व १९७५ मध्ये 'लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन' ह्या नावाने प्रसिद्ध झालेला विचार आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शिफारसपत्राचेच आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याविषयी शिक्षक लिहितो की त्याचे इंग्रजी उत्तम आहे व तो वर्गाला नियमित येतो. आणि एवढेच लिहितो. विषयातील बुद्धीविषयी त्याने मौन पाळले ते माहिती नसल्यामुळे असणे शक्य नाही, तेव्हा सांगण्यासारखे काही नाही असाच अर्थ वाचक घेतो. वाच्यार्थ स्तुतीचा, व्यंग्यार्थ निंदेचा. आपला अध्यापक अगदी निर्मळ मनाने तेच पत्र लिहितो, आणि समुद्रापलीकडील वाचक ते ग्राइसच्या नियमाने वाचतो. संकेत दोन असल्यामुळे अर्थ दोन होतात. भुर्दंड मात्र विद्यार्थ्याला बसतो.

कष्टवाचक विशेषणांविषयी एक जुना पण मोलाचा अभ्यास आहे. फ्रान्सिस ट्रिक्स व कॅरोलिन सेन्का ह्यांनी २००३ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय विद्यालयातील अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रे तपासली. स्त्री-उमेदवारांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती, त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक होती आणि बुद्धीपेक्षा मेहनतीचा गौरव करणारी विशेषणे अधिक वेळा येत होती. मेहनतीची स्तुती प्रतिभेच्या अभावाची भरपाई म्हणून वाचली जाते, हा त्यामागील धोका. आपल्या मुलींच्या पत्रांत हा दोष दुहेरी होतो, कारण 'ओबीडिअंट' हे विशेषण त्यांच्याच वाट्याला जास्त येते.

ह्यावर उपाय अतिशयोक्ती नव्हे. अमेरिकन विद्यापीठांच्या सामायिक अर्जात शिक्षकासाठी जो मूल्यमापनाचा तक्ता असतो त्यात 'सरासरीहून कमी' पासून 'माझ्या आजवरच्या अनुभवातील अगदी थोड्यांपैकी एक' पर्यंत पायऱ्या आहेत. सर्वांनाच शेवटची पायरी देणाऱ्या शिक्षकाच्या शब्दाला किंमत उरत नाही. पत्रात संदर्भवर्ग सांगावा : इतक्या वर्षांत इतके विद्यार्थी शिकवले, त्यांत ह्याचे स्थान कोठे. नंतर एखादी घटना सांगावी, जीत विद्यार्थ्याचा विचार चालताना दिसतो. बोलीतील नामरूपांविषयी त्याने विचारलेला एक प्रश्न आणि उत्तर न पटल्यामुळे त्याने गावी जाऊन जमवलेली पन्नास वाक्ये, ह्यांचे वर्णन दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगते.

आता शिष्यवृत्तीकडे येऊ. येथे पहिली गोष्ट अशी की ज्या संस्थांची नावे आपल्याकडे सर्वांत आधी घेतली जातात त्यांपैकी बहुतेकांत गुणवत्ता-शिष्यवृत्ती नसते. हार्व्हर्ड, येल, प्रिन्स्टन आदी 'आय्‌व्ही' समूहातील विद्यापीठे आणि एम्.आय्.टी. केवळ आर्थिक गरज पाहून साहाय्य देतात. ह्यामागे कोणतेही गूढ नाही. तेथे आलेल्या प्रत्येकाला ती गुणवानच मानतात, तेव्हा गुणांसाठी वेगळे पारितोषिक देण्याचे त्यांना कारण नाही. शिवाय एकमेकांचे विद्यार्थी पैशाने ओढायचे नाहीत असा त्यांच्यात दीर्घकाळ समझोता होता. त्या समझोत्याविरुद्ध अमेरिकन न्यायखात्याने कारवाई केली आणि १९९१ मध्ये आय्‌व्ही विद्यापीठांनी तडजोड मान्य केली, तरी धोरण टिकले. तेव्हा 'हार्व्हर्डची मेरिट स्कॉलरशिप मिळण्याचा चान्स किती' ह्या प्रश्नाला उत्तर शून्य, आणि ते विद्यार्थ्याच्या गुणांशी सर्वथा असंबद्ध. उलट पक्षी, हार्व्हर्ड, येल, प्रिन्स्टन, एम्.आय्.टी. व ॲमहर्स्ट ह्या संस्था परदेशी अर्जदाराची निवड करतानाही त्याची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतके साहाय्य देतात. अन्य बहुसंख्य ठिकाणी परदेशी अर्जदाराने साहाय्य मागितले की ती मागणीच निवडीच्या विचारात धरली जाते. म्हणजे 'मागून तर पाहू' हा व्यवहारी सल्ला तेथे निरुपद्रवी नाही.

गुणवत्ता-शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था चढत्या पायरीवरच्या असतात : सदर्न कॅलिफोर्निया, व्हँडरबिल्ट, ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील १९४५ साली स्थापन झालेला मोरहेड-केन निधी, व्हर्जिनियातील जेफरसन निधी. ह्यांचा प्रश्न 'हा विद्यार्थी आमच्यात शोभेल काय' हा नसतो. तो प्रवेशाच्या वेळी सुटलेला असतो. 'जो विद्यार्थी आमच्यापेक्षा नावाजलेल्या ठिकाणी जाऊ शकतो तो काय दिल्याने आमच्याकडे येईल', हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणून शिष्यवृत्ती हे मागील पराक्रमाचे बक्षीस कमी आणि पुढे घातलेले आमंत्रण अधिक. हे एकदा ध्यानात आले की अंदाजाची रीतही कळते. ज्या संस्थेत आपण जेमतेम बसतो तेथे शिष्यवृत्ती जवळजवळ अशक्य. ज्या संस्थेतील विद्यार्थ्यांत आपण ठळकपणे वर आहोत तेथे ती संभाव्य. तोच विद्यार्थी, तेच गुण. औषधाचा गुण येतो तो असा.

'कॉमन डेटा सेट'च्या 'एच्' विभागात, आर्थिक गरज नसताना संस्थेकडून शिष्यवृत्ती मिळालेल्या प्रथमवर्षीय विद्यार्थ्यांची संख्या व सरासरी रक्कम दिलेली असते. तिला प्रथम वर्षाच्या एकूण संख्येने भागले तर प्रमाणाची कल्पना येते. मात्र हे प्रमाण दाखल झालेल्यांचे आहे, देऊ केलेल्यांचे नव्हे. शिष्यवृत्ती मिळालेले विद्यार्थी अधिक संख्येने दाखल होत असल्यामुळे ते थोडे फुगलेले असते. परदेशी विद्यार्थ्यांना दिलेल्या साहाय्याची नोंद त्याच विभागात निराळी असते आणि आपल्याला तीच पाहायला हवी. १९५५ साली स्थापन झालेली 'नॅशनल मेरिट' योजना अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी ह्यांच्यापुरती आहे. भारतातून अर्ज करणाऱ्याने तिच्या आधारे दिलेल्या सवलती हिशेबात धरू नयेत. अलाबामा विद्यापीठासारख्या काही सार्वजनिक संस्था श्रेणी व परीक्षागुण ह्यांचा तक्ता देऊन अमुक गुणांना अमुक रक्कम असे जाहीर करतात. तेथे शक्यतेचा प्रश्न उरतच नाही. सूत्र आहे, उदाहरण त्यात बसते किंवा बसत नाही.

सदर्न कॅलिफोर्नियाचे उदाहरण येथे पूर्ण करतो. हे विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित साहाय्य देत नाही. गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्त्या मात्र त्यांना खुल्या आहेत. 'ट्रस्टी' शिष्यवृत्तीत पूर्ण शिक्षणशुल्क माफ होते, 'प्रेसिडेन्शियल'मध्ये निम्मे. ह्यांच्या विचारासाठी अर्ज नोव्हेंबरच्या आरंभीच्या मुदतीत करावा लागतो. जानेवारीची मुदत गाठणारा प्रवेशास पात्र राहतो, पण ह्या शिष्यवृत्त्यांची संधी गमावतो. पूर्ण शुल्क माफ झाले तरी निवास व भोजन ह्यांचा भार उरतोच, आणि दरवर्षी ठरावीक श्रेणी राखण्याची अट असते. देकारपत्र हाती आल्यावर पालकांनी प्रथम पाहायचे ते हे की त्यात निश्चित रक्कम लिहिली आहे की शुल्काचा अंश. कारण शुल्क दरवर्षी वाढते, आणि निश्चित रक्कम चौथ्या वर्षीही पहिल्या वर्षाइतकीच असते.